टॅसिटर्न की रेटिसंट

“ती मुळातच घुमी आहे रे. फीडबॅकमध्ये कुणीतरी चक्क ‘टॅसिटर्न’ लिहिलंय. क्लायंट कॉलवर काय उपयोग? सोमवारपासून टेस्टिंगला देऊन टाकू.”

कॉफी मशीनपाशी आमचे पुण्याचे मॅनेजर शेजारच्या टीमच्या लीडशी बोलत होते.

“लिहिणाऱ्याने डिक्शनरी गिळलीय वाटतं,” लीड हसला.

मी मागेच रिकामा कप धरून उभी होते. तो शब्द माझा होता.

‘ती’ म्हणजे माझ्या शेजारी बसणारी नागपूरची मुलगी. मराठी शाळेत शिकलेली, बंगळुरूत महादेवपुऱ्याच्या या ऑफिसात नवी. सहकाऱ्यांबद्दल निनावी चार ओळी लिहायच्या होत्या. साधं ‘शांत’ लिहिता आलं असतं. पण बसवनगुडीतल्या आमच्या शाळेत अवघड शब्द वापरला की बाई वहीवर तारा काढत. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. लिहिताना मात्र मी मिरवून घेते.

तेव्हा दोन शब्द सुचले होते. टॅसिटर्न म्हणजे स्वभावानेच अबोल. अशा माणसाला बोलावंसंच वाटत नाही. रेटिसंट माणसाजवळ सांगण्यासारखं असतं, पण तो ते आत ठेवतो. पहिला शब्द वाचून लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. दुसरा वाचला की कुणीतरी विचारतं, का बरं?

त्या ‘का’चं उत्तर मला माहीत होतं. डबा खाताना ती बोलायची थांबायचीच नाही. “ताई, डोक्यात सगळं असते हो. पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत तुम्ही लोक पुढच्या मुद्द्यावर!” म्हणून कॉल चालू असताना ती मला चॅटवर उत्तर टाकायची, आणि मी ते नीट इंग्रजीत करून वाचायचे. क्लायंटने दोनदा माझं कौतुक केलं. दोन्ही वेळा मी “थँक यू” म्हटलं. ती शेजारी बसून अंगठा दाखवत होती.

रेटिसंट लिहिलं असतं तर चौकशी झाली असती. ती चौकशी माझ्यापर्यंत आली असती. शब्द निवडताना हे मला कळत होतं, हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नव्हता.

लीड निघून गेला. मॅनेजर कप घेऊन वळले आणि मला पाहून नुसतेच हसले.

“सर,” मी म्हटलं, “तो शब्द मी लिहिलाय, आणि तो चुकीचा आहे. क्लायंटला आवडलेली उत्तरं तिची होती. मी फक्त वाचून दाखवली.”