पायांना विचारतो

"थांबा, पायांना विचारतो," असं म्हणून अण्णा चपला काढायचे. कुणाच्या शेतात, कचेरीच्या आवारात, एकदा तर साहेबांच्या बंगल्यावरच्या हिरवळीवरसुद्धा. डोळे बारीक करून दहा पावलं चालायचे आणि खाली पाणी आहे की नाही ते सांगायचे. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण आधी हसतो आणि मग त्याच्याच मागोमाग चालू लागतो.

नगरच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते ओव्हरसियर होते, मी नकाशे गिरवणारा ट्रेसर. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. गावोगाव हिंडून विहिरीची जागा ठरवायची आणि तिथे चुन्याची फक्की टाकायची, हे त्यांचं काम. पुष्कळ गावांना त्यांनी पाणी दाखवलं होतं. पाथर्डीकडच्या एका गावाने मात्र त्यांची झोप उडवली. तिथे त्यांनी आखलेल्या दोन विहिरी कोरड्या गेल्या. तिसरीही गेली तर गाव सोडायचं, असं लोकांनी ठरवलं होतं. एका म्हातारीने अण्णांना तोंडावर सुनावलं, "तुज्या पायाला काय कळतंय रं? आमचे पाय बघ, पान्यामागं हिंडून फुटल्यात."

सोमवारी तिसरी जागा आखायची होती. तो सबंध आठवडा अण्णा खुर्चीत दोन मिनिटं टेकले नाहीत. उठायचे, खिडकीशी जायचे, नकाशा उलगडायचे, गुंडाळायचे. मला त्यांची कीव येत होती आणि, खरं सांगतो, रागही येत होता. रविवारी दुपारी मी त्यांना अक्षरशः ओढून भिंगारच्या लष्करी थिएटरात नेलं. तिथे इंग्रजी सिनेमे लागत.

सिनेमा होता जगबुडीनंतर उरलेल्या मूठभर माणसांचा. भाषा आम्हा दोघांनाही बेताचीच कळत होती. पण एवढा मोठा पडदा, आणि त्यावर नुसती वाळू, मोडके पूल, कोरडी नदी! ज्यातून घटकाभर सुटावं म्हणून आलो, तेच पैसे देऊन पाहत बसलो होतो. माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

अण्णांनी सवयीने चपला काढल्या होत्या. "एवढी यंत्रं आहेत यांच्याकडे, आणि टिकाव एकही नाही?" ते पुटपुटले. पुढे ती माणसं तहानेने लटपटत ओढ्याच्या एका वळणाशी आली. तिथे जुनी थडगी होती आणि थडग्यांमागे एकच हिरवंगार झुडूप. थडगी पाहून त्यांनी वाट बदलली. अण्णा ताडकन उभे राहिले. "अरे, तिथं खणा! मागं फिरा!"

"बैठो चाचा!" मागून एक जवान ओरडला आणि सगळं थिएटर हसलं. पडद्यावरची माणसं काही मागे फिरली नाहीत.

मध्यंतरात अण्णांनी खुर्चीवरच पाय वर घेतले. मग म्हणाले, "त्या गावाच्या स्मशानाशी एक करंज आहे. सगळं रान करपलंय आणि तो हिरवागार. मी पहिल्याच दिवशी पाहिला. पायांनीही सांगितलं. पण म्हटलं, मसणातलं पाणी कोण पिणार? मान वळवली, आणि लोकांना बरं वाटावं म्हणून दोन्ही वेळा देवळाजवळ आखलं." एवढं बोलून ते चहा आणायला म्हणून बाहेर गेले, ते आलेच नाहीत. सिनेमा सुटला तेव्हा त्यांच्या चपला तेवढ्या खुर्चीखाली होत्या.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने मी त्या चपला घेऊन गावात पोचलो. अण्णा करंजाखाली अनवाणी उभे होते. फक्की टाकून झाली होती. गाव वीस हातांवर थांबलं होतं आणि टिकावाला कुणी हात लावत नव्हतं.

"हितलं पानी आमी पिनार न्हाई," सरपंच म्हणाले.

"पाणी इथंच आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," अण्णा म्हणाले. "बोलायची हिंमत झाली नाही. दोन्ही विहिरी माझ्यामुळे कोरड्या गेल्या." सरकारी माणसाने असं गावापुढे कबूल केलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

ती म्हातारी पुढे आली. अण्णांच्या काट्यांनी सोललेल्या पायांकडे तिने पाहिलं. मग गावाकडे वळून म्हणाली, "माजा म्हातारा हितंच जळला. त्यो काय मला वंगाळ पानी पाजील व्हय?" आणि टिकाव तिनेच उचलला. चार पोरं धावली आणि त्यांनी तिच्या हातून तो घेतला.

तीन आठवड्यांनी पाणी लागलं. अण्णा काठावर बसून लहान मुलासारखे रडले आणि चपला पुन्हा तिथेच विसरून आले.

आता अण्णा नाहीत. परवा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम विहिरीवर गेलो. अजूनही तिथे कुणी चपला घालून पाणी शेंदत नाही. स्मशान जवळ आहे म्हणून, असं नव्या सुना समजतात. मीही चपला काढल्या, काठावर उभा राहिलो आणि पायांना विचारलं. त्यांना काहीच कळलं नाही. खाली पाणी मात्र होतं.