ओकावांगोतली बुजलेली वाट

शैला अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून सिडनीला आली. तिथल्या क्वेकर्स हिल या उपनगरातल्या घरात बसून ती सॅटेलाइटच्या फोटोंवरून नकाशे करायची. तीन वर्षं एकच काम: आफ्रिकेतला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. ती नदी समुद्राला मिळतच नाही. वाळवंटात पसरते आणि तिथेच जिरते. अंगोलात पडलेल्या पावसाचा पूर तिथे महिन्यांनी पोचतो, ऐन कोरड्या दिवसांत. शैला तिकडे कधी गेली नव्हती. तिला पोहताही येत नव्हतं.

जुलैत एका दुपारी चारला मयूराचा फोन आला. ही तिची युनिव्हर्सिटीतली मैत्रीण, शैलाचाच नकाशा घेऊन पक्षी मोजायला तिकडे गेलेली. तिथे सकाळचे आठ वाजले होते.

"शैला, तुझ्या नकाशात इथे मोकळं पाणी आहे ना?" मयूरा कुजबुजत होती. "समोर नुसतं पपायरसचं रान आहे. आणि मागे पाणघोडा."

पपायरसचे, म्हणजे उंच लव्हाळ्याचे, तरंगते ताटवे अडकून वाट बुजते, हे शैलाला माहीत होतं. नकाशा पाच आठवड्यांपूर्वीचा होता, आणि त्यावर तारीख टाकायची राहून गेली होती.

"किती लांब आहे?"

"वीस मीटर. बुडी मारली त्याने. आता दिसत नाहीये."

शैलाने परवाचा फोटो उघडला.

"उजवीकडे उथळ गवत आहे, मग बेट. गुडघाभर पाणी असेल."

"असेल?"

"नक्की नाही सांगता येत गं."

मयूरा नावाड्याशी, काबेलोशी, काहीतरी बोलली. होडीच्या तळाला गवत घासल्याचा आवाज आला. मग धाडकन काहीतरी आपटलं, मयूरा किंचाळली आणि फोन बंद पडला.

शाळेतून आलेली तिची लेक तनया दारात थांबली. "मम, यू ओके?" अकरा मिनिटं शैला स्क्रीनवरच्या बेटाच्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली.

मग फोन वाजला. "बेटावर आहोत. होडी फोडली त्याने. काबेलोच्या पायाला लागलंय."

"माझी चूक आहे, मयूरा. नकाशा जुना होता."

"ते नंतर. आधी मदत कुठून येईल ते बघ."

शैलाने परवाचा फोटो बघत मयूराच्या कॅम्पच्या बोटीला फोनवरून वाट दाखवली, दर वळणाला घाबरत. सिडनीतल्या संध्याकाळी साडेसहाला दोघं बोटीत चढली. मग शैलाने बॉसला फोन लावला आणि चूक सांगून टाकली.