खात्रीलायक माहितीचे कपाट

यंत्रमागांतून उडणारे कापसाचे तंतू भिवंडीत जसे खिडकीच्या चौकटीवर साचतात, तसेच किस्सेही साचतात. ते कोणी मुद्दाम आणून ठेवत नाही. पण एके दिवशी पुसायला जावे, तर बोटभर थर निघतो. लोकगीते आणि लोककथा यांच्या शोधात मी ठाणे जिल्ह्यातील पुष्कळ खेडी पालथी घातली. तरीही एखादी कथा डोळ्यांदेखत जन्माला येताना पाहिली ती आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात, जिन्याखालच्या खोलीत. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे व्यवसाय मार्गदर्शन कक्ष भरत असे आणि त्याचा प्रमुख मी होतो.

प्रमुखपद मला मिळाले, कारण माझे तास कमी होते. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही गोष्टी गोळा करताच. आता मुलांसाठी नोकऱ्यांची माहिती गोळा करा."

*

कक्ष म्हणजे एक लोखंडी कपाट. कपाटात एकच पुस्तिका होती, बारावीनंतरच्या वाटा सांगणारी. तिच्यातील निम्म्या वाटा मी विद्यार्थी असतानाच बंद झाल्या होत्या. किल्ली आमचे शिपाई हरिभाऊ यांच्या कमरेला असे.

पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने ती पुस्तिका घरी न्यायला मागितली. मी हो म्हणालो. हरिभाऊ कपाटासमोरून हलले नाहीत.

"सर, पुस्तक द्यायचं नाही. ते गेलं तर कक्षच गेला."

*

मी एक नोंदवही घातली. प्रत्येकाने ऐकलेली माहिती तीत लिहायची आणि शेजारच्या रकान्यात 'कोणी सांगितले' तेही लिहायचे. लोककथांच्या संकलनाची ही माझी नेहमीची रीत आहे. महिन्याभरात पाने भरली. रकान्यात बहुधा 'मामांचे शेजारी' किंवा 'भावाच्या मित्राचे साहेब' असे. मामा स्वतः कुठेच नव्हते. दंतकथेचा साक्षीदार नेहमी एक घर सोडून राहतो, हा सिद्धान्त मी अन्यत्र मांडला आहे. तो इतका बिनचूक ठरल्याचे मला मुळीच समाधान वाटले नाही.

एकाने लिहिले होते, टर्नरचा कोर्स केला की परदेशी कंपनी स्वतः येऊन घेऊन जाते. मी विचारले, "आपल्यापैकी कोणी गेले आहे का?"

"गेलेत ना सर. परत आले की विचारून सांगतो."

*

तेव्हा ठरवले की माहिती मुळापासूनच आणावी. ठाण्याच्या एका कचेरीत गेलो. बेरोजगारांची नावे नोंदवणाऱ्या कारकुनांनी मला आदराने बसवले, चहा मागवला. बारावीच्या मुलांना कोणत्या क्षेत्रात जागा निघतील, असा माझा प्रश्न त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग खुर्ची जरा पुढे ओढली.

"सर, तुमच्या कॉलेजात क्लार्कची जागा आहे का हो? आमचा मुलगा बारावी झालाय."

*

त्या वर्षी बारावी कला शाखेतील वंदना कक्षात आली. ती कोन गावची, शेतकरी घरातली. उगाच बोलणारी नव्हती.

"सर, आर्ट्सवाल्यांना नर्सिंग मिळतं का? बाबा म्हणतात, खात्रीचं कळलं तर पाठवतो. नाहीतर शेलार गावचं स्थळ आलंय."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. टोपी काढून टेबलावर ठेवली. "पोर हुशार हाय. पन ऐकीव गोष्टीवर मी तिला हास्टेलात टाकनार न्हाय. तुमी खातरीनं सांगा, मी आडवा येनार न्हाय."

मी मुंबईच्या एका रुग्णालयाला पत्र लिहिले. एप्रिलमध्ये छापील उत्तर आले: कोणत्याही शाखेची बारावी चालेल, अर्ज मेअखेरपर्यंत. कक्षाच्या इतिहासातील ती पहिली खात्रीलायक माहिती. मी ती हरिभाऊंच्या हाती दिली. "फलकावर लावा, आणि कोनची वंदना आली की तिला आधी दाखवा."

आणि सुटीत खेड्यांकडे निघालो. मे महिना लग्नसराईचा. आगरी लग्नांत धवलारीण धवळे नावाची जी लग्नगीते गाते, ती मला टेपवर उतरवून घ्यायची होती.

*

जूनमध्ये परतलो. फलक रिकामा होता.

"हरिभाऊ, ते पत्र?"

"कपाटात आहे सर. बाहेर लावलं असतं तर पोरांनी फाडलं असतं."

"आणि वंदना?"

"आली होती. म्हटलं, बाई, तुझं काम नाही ते. यंदापासून सायन्सच लागतं."

"पत्रात तसे लिहिलेले नाही. हे कोणी सांगितले तुम्हाला?"

"अकरावीच्या पोरी बोलत होत्या."

आता बारावीत गेलेल्या त्या मुलींना गाठले. त्यांनी एकमेकींकडे पाहिले. "सर, तुम्हीच वर्गात सांगितलंत. वंदनालाही आम्ही तेच सांगितलं."

फेब्रुवारीतला तास मला आठवला. लोककथेचा धडा होता. अफवेची कथा कशी होते हे समजावताना मी म्हणालो होतो, "समजा, उद्या कोणी म्हणाले, नर्सिंगला यंदापासून सायन्सच लागते..." वंदनाचा प्रश्न त्या दिवसांत डोक्यात घोळत होता, म्हणून तेच उदाहरण तोंडी आले. 'समजा' तेवढे वर्गातच राहिले होते.

नोंदवही उघडली. वंदनाच्या अक्षरात शेवटची नोंद होती: नर्सिंगला सायन्सच लागते. 'कोणी सांगितले' या रकान्यात प्रथमच मामांचे शेजारी नव्हते. तिथे लिहिले होते, 'सर'.

त्याच आठवड्यात तिचे वडील कक्षात आले. हातातल्या लग्नपत्रिकेवर हळद लावलेली होती.

"शेलारलाच दिली. धवलारीन सांगितलीय, जुनी हाय, समदी गानी येतात तिला. तुमाला लागतात ना ती? टेप घेऊन या."

मी कपाट उघडायला लावले आणि छापील पत्र त्यांच्यासमोर ठेवले. त्यांना वाचता येत नव्हते. मी वाचून दाखवले. शाखेची ओळ दोनदा वाचली, तारखेची एकदा.

 तो कागद त्यांनी नीट घडी घालून माझ्या बाजूला सरकवला.

"तुमचा नाव सांगितला म्हून गप बसलो," ते म्हणाले. "दुसरा कोनी बोलला असता, तं तुमालाच इचाराया आलो असतो."