बोरूचं इंग्रजी नाव

लॅबच्या रिपोर्टची शेवटची ओळ होती, 'मादक घटक आढळले नाहीत.' सत्यभामाबाईंनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आता खुलासा छापा. जिथं बदनामी छापली तिथंच."

मी तेव्हा बीडला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात वार्ताहर होतो. सत्यभामाबाई आष्टी तालुक्यातल्या एका महिला सहकारी संस्थेच्या अध्यक्ष. आठवड्यापूर्वी आम्ही बातमी दिली होती: 'सहकारी संस्थेची भांगेची शेती?' आधार कमी असला की मथळ्यात प्रश्नचिन्ह घालतात. इथे आधार एवढाच होता, की पुण्याच्या एका हेल्थ फूड कंपनीने संस्थेकडे लाडू आणि प्रोटीन पावडरसाठी 'हेंप सीड' मागितलं होतं.

हेंप हे भांगेचंच, पण नशा जवळपास नसलेलं वाण. गांजा निघतो तो फुलोऱ्यातून. बी ठरावीक मर्यादेत खायला कायद्याची मनाई नाही. लागवडीला मात्र परवाना लागतो. वाद आहे तो तिथे.

त्या वर्षी पाऊस जुलैनंतर फिरकला नाही. कापूस गुडघ्याच्या वर गेला नाही. संस्थेच्या वावरातलं हे पीक मात्र टिकलं, दाणाही भरला. त्या भरवशावर सतरा बायकांनी ऊसतोडीच्या मुकादमाला नकार कळवला होता. आमच्या बातमीनंतर कंपनीने नशा नसल्याचा रिपोर्ट मागितला. तोच हा रिपोर्ट.

आमच्या ब्युरो चीफ देशमुख साहेबांनी तो वाचला. "नशा नाही? मग खुलासा दोन ओळींचा. पण भांग कायदेशीर करावी का, यावर रविवारचं पान होतंय. दोन्ही बाजू घे. शेताचा फोटो आण."

दोन्ही बाजू फोनवर मिळाल्या. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पीक मोकळं करा, असं एका वकिलाचं म्हणणं. एकदा दार उघडलं की ते बंद होत नाही, असं व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरांचं. बियांबद्दल दोघांचं एकमत होतं: नशा नाही म्हणजे सुरक्षित.

फोटोसाठी गावात गेलो तेव्हा पोती शिवून झाली होती. कंपनीची गाडी त्याच दुपारी यायची होती. बांधावर त्याच पिकाची, कापणीतून राहिलेली चार झाडं उभी होती. शेंगा वाळून खुळखुळत होत्या, एका शेंड्याला उशिराचं पिवळं फूल होतं. शेजारी रखमाजी नावाचे वयस्कर मेंढपाळ शेळ्या चारत होते. एक शेळी त्या झाडांकडे वळली की ते काठी आडवी घालत. कारण विचारलं.

"कवळं हाय तवर चारतो थोडं. शेंग भरली की न्हाई. बी पोटात गेलं की जनावर खंगतं. लगीच न्हाई कळत, लई दिसांनी कळतं." त्यांनी पोत्यांकडे पाहिलं. "तुमी हे माणसाला कावून चारायलात?"

हे हेंप आहे, असं मी सांगितलं.

"असंल. आमी बोरू म्हणतो."

बोरू म्हणजे ताग. फुलावर आला की नांगरून मातीत गाडायचा, त्याचं खत होतं. आमच्या भागात तो न ओळखणारा शेतकरी सापडणार नाही. सत्यभामाबाईंना विचारलं तर त्यांना माझा प्रश्नच कळेना.

"बोरूच हाय की. इंग्रजीत हेंप म्हणत्यात."

बियाण्याची रिकामी पिशवी त्यांनी आणून दाखवली. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, 'सन हेंप'. छपाई बरोबर होती. तागाचं इंग्रजी नाव तेच. ज्या झाडांच्या सालीचा दोर वळता येतो अशा बऱ्याच झाडांना इंग्रजीत हेंप म्हणतात. भांगेशी तागाचं नातं तेवढंच, दोराचं.

तिथूनच लॅबला फोन लावला. तपासणी करणारे गृहस्थ सावकाश बोलणारे होते. फॉर्मवर 'हेंप' लिहिलं होतं आणि मादक घटक बघायला सांगितले होते, तेवढे आम्ही बघितले, म्हणाले. मग त्यांनी फुलाचा रंग विचारला. पिवळा, म्हटलं.

"मग ते भांगेचं नाही. तागाच्या बियांत लिव्हरला अपाय करणारे घटक असतात. माणसाला खायला देऊ नका. त्याची टेस्ट वेगळी असते. ती कुणी मागितली नव्हती."

फोन स्पीकरवर होता. पोत्यांपाशी त्या सतरा जणी उभ्या होत्या.

"म्हंजी गांजा निघाला आसता तर बरं झालं आसतं का?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

पुण्यात कुणाला कळणार आहे, असं मागून एकजण पुटपुटली. बाईंनी मागे वळून पाहिलं. "मग तू खा आधी मूठभर."

त्यांनी कंपनीला फोन केला. गाडी आष्टीपर्यंत आलीय, रिपोर्ट क्लीन आहे, माल भरून द्या, असं खरेदीवाल्याचं म्हणणं पडलं.

"रिपोर्ट नशेचा हाय. इखाचा न्हाई," बाई म्हणाल्या. त्यानंतर तो पुढच्या ऑर्डरचं काहीतरी सांगत होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

गाडी रिकामी परत गेली. पुढे दुसरी तपासणी झाली आणि तिने रखमाजींचं म्हणणं खरं ठरवलं. बी खताच्या पिकाचं बियाणं म्हणून हळूहळू खपलं. सतरांपैकी अकरा जणी उशिराच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेल्या.

खुलासा पाचव्या पानावर आला: पीक भांग नसून ताग आहे. मी सविस्तर बातमी दिली होती. देशमुख साहेबांनी ती परत केली. "ताग कायदेशीरच आहे. मग वाद कुठाय?" रविवारचं पान वकील आणि डॉक्टरांच्या फोटोंसह निघालं. रखमाजी दोन्ही बाजूंत बसले नाहीत.

पुढे मी बरीच वर्षं डेस्कवर, म्हणजे इतरांच्या बातम्या तपासायच्या कामावर होतो. बातमीत 'सुरक्षित' हा शब्द आला की समासात 'कशापासून?' असं लिहून ती परत पाठवायचो. बहुतेक वार्ताहर तो शब्दच काढून टाकत.