सिग्नल पडला का?

परवा रविवारी मिरजेला जाऊन आलो. आण्णांच्या घरी. आण्णा गेले त्याला पंधरा दिवस झाले होते आणि मला जायला तेवढा उशीर झाला होता... उशीर करायची सवयच आहे मला. ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा छोट्या रेल्वेवाल्यांचा एक ग्रुप आहे. सातारा-सांगलीकडचे आम्ही पंधरा-वीस जण, घरात टेबलावर रूळ टाकून बोटाएवढी इंजिनं पळवणारे. बायका हसतात, पोरं लाजतात...

आण्णा आमच्यातले सगळ्यात थोरले, नव्वदीला टेकलेले. हयात किराण्याच्या दुकानात गेली, पण चाळीस सालानंतरचं मिरज जंक्शन त्यांना तोंडपाठ होतं. मीटरगेजची गाडी कुठे लागायची, नॅरोगेजची कुठे, इंजिन पाणी कुठे प्यायचं... लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं सगळं.

आणि हात सढळ. गल्लीत सतारी करणारे शेजारी. त्यांच्याकडच्या तुटक्या तारा जमवून आण्णा छोटे सिग्नल करायचे आणि ज्याला हवा त्याला काडेपेटीत घालून पाठवायचे. कुणाचं काही चुकलं तर ग्रुपवर कधी बोलायचे नाहीत. वेगळा फोन करायचे. "गड्या, लय झकास झालंय. तेवढं इंजिन उलट्या तोंडानं जोडलंयस बघ."

मी करत होतो शेणोली स्टेशन. माझे आजोबा त्या काळात तिथे सांधेवाले होते, म्हणजे गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याचे सांधे बदलणारे. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. कराडजवळ मलकापूरच्या आमच्या घरात वरच्या खोलीत ते स्टेशन मांडायला घेतलं, ते खरं तर त्यांच्यासाठीच.

ग्रुपवर हे लिहिलं आणि त्याच दिवशी आण्णांचा फोन आला. त्यांच्या मामाचं गाव तिथलंच निघालं. प्रत्येक सुट्टीत ते त्या स्टेशनावर पडीक असायचे.

"तांबडं मुंडासं, व्हय का न्हाई? आरं, तुझ्या आज्याला मी बघितलाय की! कुठं उभा राहायचा, कसा उभा राहायचा... तुझी लाइन हुदे तयार. मी येऊन जागेवर दावतो. फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती."

तांबडं मुंडासं... वडीलही हेच सांगायचे. त्या दिवसापासून आण्णा मला मास्तर म्हणू लागले. स्टेशनमास्तर.

गणपतीच्या आधी त्यांनी कराडला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर माझ्यासाठी सिग्नल पाठवला. कापसात गुंडाळलेला, करंगळीएवढा. मी तो लगेच टेबलावर बसवला. संध्याकाळी त्यांचा आवाजी मेसेज आला. "मास्तर, सिग्नल पडला का रं?"

मला वाटलं, वाटेत मोडला-बिडला का, नीट बसला का, ते विचारतायत. मी लिहिलं, "नाही आण्णा, पडला नाही. अगदी ताठ उभा आहे."

त्यांचं उत्तर आलं. "बरं. थांबतो."

त्या 'थांबतो'वर मी क्षणभरही थांबलो नाही.

पुढच्या आठ दिवसांत माझे रूळ पुरे झाले. गाडी फिरायला लागली. पण डोंगराला रंग द्यायचा होता, स्टेशनाची कौलं राहिली होती... म्हटलं, सगळं नीटनेटकं होऊ दे, मग मोटार घेऊन मिरजेला जाऊ आणि आण्णांना मानानं घेऊन येऊ. तेवढ्यात अडीच महिने गेले. मग ग्रुपवर एका सकाळी ती बातमी आली.

परवा त्यांच्या सूनबाईंनी, वहिनींनी, चहा दिला आणि आतून एक कापडी पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली. आत दोन सदरे, गोळ्या, टॉवेल आणि एक काडेपेटी.

"तुमच्याकडं यायला भरून ठेवली होती," वहिनी म्हणाल्या. "आमी म्हणायचो, आण्णा, फोन करून विचारा तरी. तर म्हणायचे, मास्तरनं सिग्नल पडला न्हाई म्हणून कळवलंय. सिग्नल पडल्याबिगर गाडी आत घेत न्हाईत."



जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की गाडीनं थांबायचं. हात खाली पडला की वाट मोकळी, या. लहानपणी आम्ही शिवारातून हेच ओरडत स्टेशनाकडे धावायचो, "सिग्नल पडला, पळा रं!" हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्याच तोंडातला होता तो. नोकरीच्या गावी राहून राहून कधी गळून गेला, कळलंही नाही.

आण्णा विचारत होते, येऊ का? आणि मी त्यांना अडीच महिने बाहेर उभं केलं.

काडेपेटीत एक माणूस आहे. जेमतेम इंचभर. तांबडं मुंडासं, हातात हिरवा बावटा, एक पाय किंचित पुढे. पेटीवर आण्णांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलंय... 'शेणोलीचा सांधेवाला. जागा मी दाखवतो.'

आजोबांचं रूप मला पहिल्यांदा दिसलं ते असं. ते देणं आण्णांचं, आणि ते फिटणारं नाही. पण टेबलावर त्यांना कुठे उभं करायचं ते मला माहीत नाही, आणि सांगणारं आता कुणी उरलं नाही. सध्या ते देवघरात आहेत. सकाळी पूजा झाली की एक फूल त्यांच्यापुढेही ठेवतो.

घरी आल्या आल्या मी वर जाऊन सिग्नल पाडला. घरच्यांनी विचारलं, गाडी तर बंद आहे, मग सिग्नल कशाला?

अजून तसाच आहे. परत वर करायला हात धजत नाही.