शैलाताई आणि आतड्यातला मका

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळगावजवळच्या एका पोल्ट्रीत उभा होतो. हातात कोंबडीच्या यकृताचा तुकडा, पायाशी द्रवरूप नायट्रोजनचा डबा. त्यांची लेक मुग्धा पलीकडे रडत होती. "बाळा, थांब," म्हटलं आणि आधी तुकडा डब्यात टाकला. मग बाहेर येऊन मनसोक्त रडलो... निर्दयी म्हणा हवं तर. पण यकृत काढल्यावर दहा म्हणायच्या आत गोठलं पाहिजे, हा ताईंचाच नियम. ते तसंच धरून मी रडत बसलो असतो, तर बाईंनी वरून शिव्या घातल्या असत्या.

नाशिकच्या एका प्रयोगशाळेत आम्ही पंधरा वर्षं शेजारी काम केलं. काम सांगायला अवघड, म्हणून ताई आपल्या आईला सांगायच्या तसंच सांगतो. माहेर मखमलाबादचं, मळ्यात भाजी आणि झेंडू. आई विचारायची, "अगं, तू दिवसभर करती काय?" ताई म्हणायच्या, "साखरेसारखा एक रेणू असतो, इनॉसिटॉल. त्याला फॉस्फेटच्या एक ते सहा गाठी बसतात. शरीरातली पेशी त्यातून निरोप धाडते. कुणाला किती गाठी, ते मी वजनावरून ओळखते." वजन करणारं यंत्र म्हणजे आमचा मास स्पेक्ट्रोमीटर. "आणि उपटलेली कोथिंबीर उन्हात ठेवतो का आपण? तसंच मांस. लगेच गोठवलं नाही तर गाठी सुटतात." यावर आई म्हणायची, "मग सोपं हाय की!" ताई हे सांगून स्वतःच खो-खो हसायच्या.

त्यांचं नाव झालं ते एका शोधनिबंधामुळे. सहा गाठींचा रेणू कोंबडीच्या आतड्याच्या भिंतीत भरपूर असतो, असं त्यांनी दाखवलं होतं. परदेशातून बोलावणी आली. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं, आणि मी दुसऱ्याच कामासाठी मका-सोयाबीन न खाल्लेल्या पिल्लांची आतडी तपासली. रेणू जवळजवळ गायब! मका-सोयाबीनमध्ये हाच रेणू खच्चून भरलेला असतो. मग नेहमीच्या कोंबडीची आतडी सात-आठदा धुऊन पाहिली, तर तिथंही आकडा कोसळला. म्हणजे ताईंनी मोजलं ते कोंबडीचं नव्हतंच. आतड्याच्या घड्यांत चिकटून राहिलेलं खाद्य होतं ते.

चार दिवस मी त्यांना चुकवत फिरलो. एवढी मोठी बाई, आणि जाता जाता नावाला बट्टा... कुठल्या तोंडानं सांगू? शेवटी त्यांनीच जिन्यात गाठलं. "काय रे, तोंड का लपवतोस?" मी कागद पुढे केले. त्या पायरीवरच बसल्या, शेवटपर्यंत वाचलं आणि हसत सुटल्या. "अरे देवा! इतकी वर्षं मी मका मोजला!" हसता हसता डोळे पुसले, तेही मी पाहिलं. "ताई, हे आपल्या दोघांतच राहू दे," मी म्हटलं. तेव्हा मात्र भडकल्या. "वेडा आहेस का? लोक त्याच्यावर पुढचं काम रचतायत!" त्याच संध्याकाळी त्यांनी संपादकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. मला वाटलं, बाई खचणार. छे! शेवटचं वर्षभर त्या पोरांना आतडी धुवायला शिकवत होत्या, आणि इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मुग्धा प्रयोगशाळेत आली. सिंकच्या वर त्या निबंधाचं पहिलं पान लावलेलं आहे, त्यावर लाल शाईत आडवं लिहिलंय, 'मागे घेतला'. तिचा चेहरा उतरला. "काका, हे काढा ना. आई आता नाही, आणि तिचं नाव असं..." मलाही भरून आलं. मी टाचणीला हात घातला, तोवर तिला खालचं आईचं अक्षर दिसलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं: "ही माझी चूक. तुमची होऊ नये म्हणून मीच इथे लावली आहे. अजून एकदा धुवा. शैला."

मुग्धानं ओढणीच्या टोकानं पानावर उडालेलं पाणी टिपलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पण काका, वर काच बसवून घ्या. भिजतंय."