सिस्टरबाई जेवायला आल्या

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, त्याला फार दिवस झाले नव्हते. वडिलांच्या कचेरीवरची पाटी बदलली होती, घरातली शिस्त मात्र जुन्या संस्थानातलीच होती. महाराजांच्या लालबाग राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्स राहायच्या. मूळच्या नगरकडच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणे. आमच्याकडे त्या यायच्या त्या ओट्यापर्यंतच. त्यांचा चहाचा कप वेगळा, आणि तो धुऊन ठेवायच्याही त्याच. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, याचा मला आजही राग येतो.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ टायफॉइडनं गेला आणि आईचं अन्न सुटलं. हट्ट नव्हता तो. घास घशाखाली उतरतच नव्हता. आत्या शपथा घालून थकली. गल्लीतून ताटं यायची आणि तशीच परत जायची. आई भिंतीला टेकून बसायची. आता हीही जाणार, असं मला दिसत होतं आणि मी कुणाला बोलत नव्हते.

एका दुपारी सिस्टरबाई ड्यूटीवरून आल्या. हातात काहीच नव्हतं. ओट्यावर न थांबता त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी, सकाळपासून पोटात काही नाही. जेवायला वाढता का?"

आत्याचे डोळे कपाळात गेले. आई मात्र उठली. दारी आलेल्याला उपाशी धाडणं तिला जमणारंच नव्हतं. तिनं चूल पेटवली, वरणभात रांधला आणि पाट मांडला.

सिस्टरबाईंनी डोळे मिटले. अन्नासाठी देवाचे आभार मानले, रांधणाऱ्या हातांसाठी मानले, आणि मग माझ्या भावाचं नाव घेतलं. घरात ते नाव कुणी उच्चारत नव्हतं. प्रार्थना संपली तरी त्या ताटाला हात न लावता बसून राहिल्या.

"शुरू तो करा, ठंडं होतंय," आई म्हणाली. ती पळी घेऊन उभी होती. आमच्यात पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरची बाई बसत नसे.

"आमच्यात एकट्यानं नाही जेवत. आमचा प्रभू लोकांच्या घरी जायचा तो सगळ्यांबरोबर बसायला. तुम्ही बसा, मग मी."

भात निवत चालला. भरल्या ताटावरून पाहुणी उपाशी उठणार की काय, अशी मला भीती वाटली. शेवटी आईनं दुसरा पाट ओढला, त्यांच्या शेजारीच, आणि आपलंही ताट वाढून घेतलं. दोघींनी एकदम घास घेतला. आईनं तो गिळला.

"वरणात मीठच नाही घातलं मी," ती म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली. भाऊ गेल्यापासून ती रडलीही नव्हती.

आत्या उठली. मिठाची बरणी आणून तिनं दोघींना वाढलं, आधी सिस्टरबाईंना. मी दाराशी हात जोडून उभी होते. कुणाला जोडले होते, मला कळत नव्हतं. देव आमच्या घरी जेवतोय, एवढंच वाटत होतं.

मग आईनं ताट पुढे केलं आणि आत्याकडे आणखी भात मागितला.